आमच्या बारवेचं ऑगमेंटेड रिॲलिटी: ग्रामसभेच्या ठरावापासून चैत्राच्या यात्रेपर्यंत

सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात माझं माहेर. गावात एक जुनी दगडी बारव, म्हणजे पायऱ्यांची विहीर, आहे. ऑगस्ट २०२४ ते एप्रिल २०२५ या काळात आम्ही काही जणांनी गावकऱ्यांच्या हातूनच तिचे ३६० अंशांचे, म्हणजे एका जागेवरून चहूबाजूंचं सगळं दाखवणारे गोल फोटो काढून घेतले आणि त्यांवर एक सामायिक ऑगमेंटेड रिॲलिटी उभी केली. बारवेतल्या ठरलेल्या जागी उभं राहून फोन समोर धरला की कॅमेऱ्यात दिसणाऱ्या भिंतीवर गावातल्या माणसांनी टाकलेल्या खुणा दिसतात. ‘मोट इथे होती.’ ‘बहात्तरच्या दुष्काळात पाणी या पायरीपर्यंत उतरलं होतं.’ नवी मुंबईत कोपरखैरण्याला राहणारा आमच्या गावचा माणूस तोच गोल फोटो घरी उघडून नवी खूण टाकतो आणि बारवेत उभं असणाऱ्याला ती त्याच दगडावर दिसते.

असं काही करायचं तर कुणाला विचारायचं, कुठले कागद लागतात, पैसे किती जातात, कुठे अडतं, हे मराठीत एका जागी मला मिळालं नाही. म्हणून झालं तसं सगळं लिहिते आहे. मी पुण्यात वेबसाइटची कामं करते. जावास्क्रिप्ट येतं, पण फोटोवरून जागा ओळखणं वगैरे प्रकार मला पूर्ण नवीन होता. तुम्हाला यातलं थोडंही येत असेल आणि गावात एखादी वास्तू असेल, तर हे तुमच्या आवाक्यातलं आहे.

सुरुवातीला पद्धत ठरवायची होती. सामायिक ऑगमेंटेड रिॲलिटीत मुख्य प्रश्न एकच असतो: दोन फोनांना ‘हीच ती जागा’ हे एकसारखं कसं कळणार? गूगलच्या एआरकोअर या ऑगमेंटेड रिॲलिटीच्या साधनात त्यासाठी क्लाउड अँकर, म्हणजे गूगलच्या सर्व्हरवर साठवलेल्या जागेच्या खुणा, आहेत. साध्या एपीआय कीवर (सेवा वापरायला मिळणाऱ्या चावीवर) असा अँकर जास्तीत जास्त २४ तास टिकतो. वेगळी प्रमाणीकरणाची पद्धत वापरली तर ३६५ दिवसांपर्यंत ठेवता येतो, आणि तो चालवायला दर वेळी नेटवर्क लागतं. मायक्रोसॉफ्टची अझूर स्पेशियल अँकर्स ही याच कामाची सेवा २० नोव्हेंबर २०२४ ला बंद होणार हे तेव्हा जाहीर झालेलंच होतं. गावाच्या आठवणी दुसऱ्याच्या सेवेत ठेवायच्या आणि ती सेवा बंद पडली की हात चोळत बसायचं, हे मला मान्य नव्हतं.

शोधताना ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संशोधकांचं २०१० मधलं काम वाचनात आलं. फोन जागच्या जागी फिरवताना त्याच वेळी पॅनोरमा तयार करत जायचा आणि त्याच पॅनोरमावरून फोन कुठल्या दिशेला बघतोय ते ओळखायचं, अशी ती पद्धत. त्या काळच्या फोनवर हे चालत होतं, म्हणजे आजच्या सात-आठ हजारांच्या फोनवरही चालणारच. यातली मला सगळ्यात पटलेली गोष्ट अशी की सगळे एकाच जागी उभे राहिले आणि सगळ्यांकडे एकच गोल फोटो असला, तर खुणेची जागा सांगायला फक्त दोन कोन पुरतात: आडवा किती आणि उभा किती. खोली मोजायला नको, त्रिमितीय मॉडेल नको. फाइल स्वतःकडे राहते. पुढचं सगळं काम या दोन कोनांवर उभं आहे.

आता कागदपत्रं. हा भाग लोक टाळतात, पण गावात काम करायचं तर सुरुवात इथूनच करावी.

बारव आहे कुणाची, हे गावात विचारलं तर सगळे म्हणतात ‘गावाची’. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावरून १५ रुपयांत काढला. गट आमच्याच भावकीतल्या एका कुटुंबाच्या नावावर आणि इतर हक्कांत सार्वजनिक विहिरीची नोंद. म्हणजे ग्रामपंचायत आणि खातेदार, दोघांचीही संमती हवी. खातेदारांपैकी एक काका मुंबईत माथाडी बोर्डात होते, आता घणसोलीला स्थायिक झालेत. त्यांच्या सहीसाठी कागद पाठवला, तो कुणाच्या तरी हाती परत यायला गणपती उजाडले. साध्या कागदावरचं संमतीपत्र चाललं, स्टॅम्पपेपर लागला नाही. त्यात तीनच गोष्टी लिहिल्या होत्या: फोटो काढायला हरकत नाही, फोटो लोकांसाठी खुले राहतील, जमिनीवर कुणाचा नवा हक्क सांगितला जाणार नाही. तिसरं वाक्य विसरू नका. काकांनी सही केली ती त्या वाक्यामुळे.

विषय १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्यायचा होता. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातली कमी असेल ती संख्या लागते. झेंडावंदन झाल्यावर माणसं पांगली आणि सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, पण विषय मूळ विषयपत्रिकेत असावा लागतो. आमचा होता, कारण आठवडाभर आधीच अर्ज देऊन पोच घेतली होती. अर्जावर आवक क्रमांक टाकून घ्या आणि त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे प्रत्येक पत्रात त्याचा संदर्भ द्यावा लागला.

तहकूब सभेत सरपंच वहिनींनी विषय मांडला आणि पहिला प्रश्न आला तो सुरक्षेचा. फोनकडे बघत कुणी पाण्यात गेलं तर? प्रश्न शंभर टक्के रास्त होता. बारवेला पायऱ्या आहेत, कठडा फक्त मधल्या टप्प्यावर आहे. म्हणून उभं राहायची जागा तिथेच, कठड्याच्या आत ठरवायची असं तेव्हाच ठरलं. त्यात पद्धतीनेही साथ दिली. गोल फोटोवरून होणारी ओळख त्या एका जागेपुरतीच चालते. दोन पावलं पुढे गेलं की जवळचे दगड फोटोपेक्षा वेगळे दिसायला लागतात, जुळणी तुटते आणि खुणा पडद्यावरून जातात. चालत फिरणाऱ्याला काही दिसतच नाही. हे मी सभेत चार वेळा सांगितलं आणि ठरावात लिहूनही घेतलं.

दुसरा प्रश्न एका शिक्षकांनी विचारला: नकाशे, सर्वेक्षण याला केंद्राची परवानगी लागते का? १५ फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनुसार भारतीय व्यक्तींना आणि संस्थांना अशा कामासाठी पूर्वपरवानगी लागत नाही. रस्त्यावरून करायचं स्ट्रीट व्ह्यू सर्वेक्षण त्यांनी भारतीय संस्थांपुरतं ठेवलंय. त्याच चौकटीत जुलै २०२२ मध्ये गूगल स्ट्रीट व्ह्यू भारतीय भागीदारांना घेऊन आलं, आणि पहिल्या दहा शहरांत मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर होती. आमच्या गावात ती गाडी आली नव्हती. आमचं काम आमच्याच फोनने व्हायचं होतं.

तिसरी बाब पुरातत्त्वाची. वास्तू केंद्राच्या किंवा राज्याच्या संरक्षित यादीत असेल तर नियम वेगळे असतात. तिपाई लावायलाही परवानगी लागू शकते. आमची बारव दोन्ही यादींत दिसत नव्हती, तरी राज्याच्या पुरातत्त्व खात्याच्या विभागीय कार्यालयाला पत्र टाकून खात्री करून घेतली. उत्तर दसऱ्याच्या सुमारास आलं. संरक्षित नाही, हरकत नाही, दगडाला इजा होईल असं काही करू नये. हे पत्र नसतं तरी काम झालं असतं. पण गावात कुणी अडवलं तर दाखवायला एक कागद असला की बोलणं लवकर संपतं.

ठरावाची सही-शिक्क्याची प्रत मागायला गेले तेव्हा ग्रामसेवक भाऊसाहेबांनी सांगितलं की लवकर या, आचारसंहिता लागेल. पदाचं अधिकृत नाव त्याच सप्टेंबरात ग्रामपंचायत अधिकारी झालं, गावात अजून भाऊसाहेबच. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. प्रत त्याआधी हातात पडली होती, हे बरं झालं. फलक, निधी, कार्यक्रम यांतलं काहीही मग निकालापर्यंत हललं नाही. निवडणूक जवळ असेल तर कागद आधी काढून घ्या, फोटो नंतर.

दिवाळीत मुंबईची माणसं गावाला येतात. लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. पाडवा आणि भाऊबीज हे दोन दिवस आम्ही फोटोंसाठी ठेवले. पुण्याहून ३६० अंशांचा कॅमेरा दिवसाला ६०० रुपये भाड्याने आणला, अनामत १०,०००. मूळ फोटो त्याने घ्यायचा आणि बाकीचे फोटो लोकांनी आपापल्या फोनने काढायचे. लोकांचे कशाला, एकच चांगला पुरे की, असं दादा म्हणाला. पण बारव रोज वेगळी दिसते. सकाळी पश्चिमेची भिंत उजळलेली, दुपारी तळ लखलखीत आणि कमानी काळ्या, पावसानंतर सगळ्या सांध्यांत शेवाळ आणि गवत. एकाच फोटोवर विसंबलं तर दुसऱ्या वेळेला फोनला ती भिंत ओळखू येत नाही. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या फोनवर काढलेले गावकऱ्यांचे फोटो ही त्या ओळखीची खरी ताकद आहे.

अडचण होती ती सगळ्यांची जागा एक ठेवण्याची. माणूस फोन घेऊन गोल फिरतो तेव्हा तो स्वतःभोवती फिरतो आणि फोन हातभर लांब वर्तुळात फिरतो. लांबच्या झाडाला फरक पडत नाही. जवळचा कठडा मात्र प्रत्येक फोटोत सरकतो आणि जोडताना तुटका दिसतो. फिरायला हवं ते लेन्सभोवती.

उपाय दिला शेजारच्या गवंडी मामांनी. त्यांनी आपला ओळंबा आणून फोनच्या कव्हरला, बरोबर लेन्सच्या खाली, दोऱ्याने बांधला. मधल्या टप्प्यावर एक सुटी शहाबादी फरशी ठेवली होती. मूळ दगडावर रंग किंवा खिळा नको म्हणून ती वेगळी. फरशीवर खडूने फुली केली. आता प्रत्येकाने एवढंच बघायचं की ओळंब्याचं टोक फुलीवरून हलत नाही. दोऱ्याची लांबी एकच, म्हणून उंचीही एकच. टोक हललं की मामा ‘थांब’ म्हणायचे, माणूस थांबायचा, टोक स्थिर झालं की पुढचा फोटो. फोटो उभा धरून, प्रत्येक वेळी साधारण तीसेक टक्के भाग मागच्या फोटोत येईल इतकंच वळायचं. आधी समोरची एक फेरी, मग वर बघून एक, मग खाली बघून एक. सुरू करण्याआधी उजळलेल्या भिंतीवर बोट दाबून उजेड आणि फोकस कुलूपबंद करायचा, नाहीतर आकाशाकडे फोन गेला की कमानी काळ्याठिक्कर होतात.

ज्या वहिनींना आजवर फोटो काढायला कुणी फोन दिला नव्हता, त्यांच्या हातचा ओळंबा सगळ्यांत कमी हलला. त्यांचा संच आजही ओळखीसाठी वापरात आहे.

खालच्या पायऱ्यांवर दोघी जणी गोधड्या धूत होत्या. त्यांचं होईपर्यंत थांबलो. त्यातल्या एका काकूंनी मात्र हट्टाने सांगितलं, मला फोटोत राहू द्या, माझा जन्म गेला इथे धुण्यात. त्यांची लेखी संमती घेतली आणि त्या एका फोटोत त्या आहेत, चेहऱ्यासकट. बाकी जिथे कुठे माणसं आली तिथे चेहरे पुसट केले. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे. घरगुती वापराला त्यात सूट आहे. पण आपण फोटो सगळ्यांना उघडा करणार असू तर संमती घेतलेली बरी, कायदा असो वा नसो. संमतीचा कागद मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पानाचा. त्यात दुसरा भाग फोटो काढणाऱ्यासाठी होता. फोटोचा कॉपीराइट काढणाऱ्याचा असतो. क्रिएटिव्ह कॉमन्सच्या बाय-एसए ४.० परवान्याखाली (नाव देऊन कुणीही वापरावा, बदल केला तर तोही याच अटींवर खुला ठेवावा) तो खुला करायला मान्यता आहे, नाव असं असं लिहावं. नाव काय लिहायचं हे ज्याचं त्यालाच विचारा. कुणी माहेरचं नाव सांगितलं, कुणी फक्त ‘थोरल्या वाड्यातली’.

फोटो गोळा करताना सगळ्यात जास्त वेळ व्हॉट्सॲपने खाल्ला. साधा फोटो म्हणून पाठवला की तो लहान होतो आणि आतली माहितीही जाते. गोल फोटोत तो गोल आहे हे सांगणारी नोंदही तिच्यातच असते. ती गेली की दोनास एक मापाचं नुसतं लांबडं चित्र उरतं. सगळ्यांना सांगा: डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि तुमच्याकडे आल्यावर, जगासमोर ठेवण्याआधी, त्यातले जागेचे अक्षांश-रेखांश तुम्ही स्वतः काढून टाका. त्याच फोनवरून कुणाच्या घरचेही फोटो आलेले असतात.

नोव्हेंबर-डिसेंबरात रात्री बसून फोटो जोडले. ह्यूगिन हे मोफत सॉफ्टवेअर वापरलं. दोन फोटोंतला सामाईक बिंदू ते स्वतः शोधतं. बारवेत ते पाण्यातल्या प्रतिबिंबाला फसतं. कमान आणि तिची सावली त्याला एकच वाटते. म्हणून पाण्याचा भाग प्रत्येक फोटोत मास्क करून वगळला. हाताने करायचं काम आहे, कंटाळवाणं आहे, पण त्यानंतर जोड एकदम सरळ बसले. अंतिम फोटो ४०९६ गुणिले २०४८ पिक्सेलचा ठेवला. कॅमेऱ्यातून याच्या कितीतरी मोठा मिळतो, पण बऱ्याच स्वस्त फोनच्या ग्राफिक चिपला एका वेळी ४०९६ च्या वरचं चित्र झेपत नाही आणि पडदा काळा येतो. मोठी फाइल मी वेगळी जपून ठेवली. तिचा उपयोग पुढे झाला.

दादाकडे २०१६ मधला एक गोल फोटो निघाला. तेव्हा स्ट्रीट व्ह्यूचं स्वतंत्र ॲप होतं आणि त्यातून असे फोटो काढता यायचे. ते ॲप मार्च २०२३ अखेर बंद झालं. फोटो दादाच्या जुन्या फोनमध्येच राहिला होता. त्यात काठावरचं उंबराचं झाड उभं आहे. ते नंतर वादळात पडलं. हा फोटो आमच्या फरशीवरून काढलेला नव्हता, दोनेक पावलं डावीकडून होता. आजच्या फोटोवर ठेवून बघितला तर देवळाचा कळस, लांबची टेकडी नेमकी बसली आणि कठडा हातभर सरकला. ‘आधीची बारव’ म्हणून तो आम्ही जोडला. पट्टी सरकवली की झाड हळूहळू उगवतं. खालचा अर्धा भाग मात्र झाकून ठेवला, कारण तिथे दगडावर दगड बसत नाही आणि बघणाऱ्याला खोटी कल्पना येते.

जानेवारीत माझा भाचा, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, परीक्षा संपवून मदतीला आला. ओळखीचा भाग त्याने केला. गोल फोटोचे तीस-तीस अंशांवर साधे चौकोनी तुकडे पाडायचे, प्रत्येकातले ठळक बिंदू ओपनसीव्ही या चित्रं ओळखायच्या मोफत सॉफ्टवेअरमधल्या ओआरबी पद्धतीने आधीच काढून फाइलमध्ये ठेवायचे, आणि कॅमेऱ्यातल्या चित्राचे बिंदू त्यांच्याशी ताडून बघायचे. जुळले की दिशा कळते, मग पुढचं वळणं फोनच्या जायरोवर (फोन किती वळला ते मोजणाऱ्या सेन्सरवर) आणि काही सेकंदांनी पुन्हा एकदा ताळा. ‘आत्या, होकायंत्र वापरूया की, सोपं आहे,’ असं तो आधी म्हणाला होता. बारवेत मोटारीची लोखंडी पाइप आणि कठड्याचे गज आहेत. फोनचं होकायंत्र तिथे भलतीकडेच उत्तर दाखवतं. ते त्याने स्वतः उभं राहून बघितलं आणि विषय संपला. दूरवरून बघणाऱ्यांसाठी ए-फ्रेम या वेबपानांसाठीच्या साधनात तोच फोटो बघणाऱ्याभोवतीचं आकाश म्हणून लावला, ते काम अर्ध्या दिवसाचं.

आयफोनवाल्यांसाठी दोन गोष्टी. सफारीत वेबएक्सआर, म्हणजे ब्राउझरमध्ये ऑगमेंटेड रिॲलिटी दाखवायची सोय, चालत नाही, म्हणून आम्ही कॅमेरा आणि जायरो वेगवेगळे घेऊन काम भागवलं. आणि आयओएस १३ पासून जायरोची परवानगी बटण दाबल्याशिवाय मिळत नाही. ‘सुरू करा’ असं मोठं बटण द्या. कॅमेऱ्यासाठी पत्ता एचटीटीपीएसचाच लागतो.

खुणांचा भाग सगळ्यांत नाजूक निघाला. फेब्रुवारीत आम्ही गावात आणि कोपरखैरण्याला आमच्या गावकऱ्यांचं मंडळ आहे तिथे बसून म्हाताऱ्या माणसांना फोटो दाखवला. आबा पडद्यावर बोट ठेवून बोलायला लागले की थांबेनात. इथे थारोळं (मोटेचं पाणी ओतायची जागा), इथून पाट, धाव (बैलांची वाट) त्या अंगाला. शेजारचे तात्या म्हणाले, मोट दक्षिणेला नव्हतीच, पूर्वेला होती. दोघंही ऐंशीच्या पुढचे. आवाज चढले. मी जपून ठेवलेली मोठी फाइल उघडली आणि काठ मोठा करत गेले. दक्षिणेच्या काठाच्या दगडाला नाड्याने, म्हणजे मोटेच्या दोराने, घासून पडलेल्या खाचा होत्या. पूर्वेलाही होत्या, जरा कमी खोल. दोन मोटा होत्या. साताऱ्याजवळच्या लिंबच्या विहिरीला तर बारा मोटांची सोय आहे, तेव्हा आमच्या बारवेला दोन असणं यात नवल नाही. पण पूर्वेची मोट बंद झाली तेव्हा आबा लहान होते आणि तात्यांच्या घराचं पाणी त्याच मोटेवर होतं. दोघांच्याही खुणा आज तिथे आहेत, दोघांच्या नावांनी.

त्यावरून नियम केला. प्रत्येक खुणेला सांगणाऱ्याचं नाव हवं आणि ‘पाहिलेलं’ की ‘ऐकलेलं’ हे लिहिलेलं हवं. बारव कुणी बांधली यावर तीन वेगळ्या घराण्यांचे तीन दावे आले, तेही ‘ऐकलेलं’ म्हणून आहेत. शिलालेख मिळेपर्यंत कुठलाच दावा वर चढवायचा नाही. नव्या खुणा आधी तिघांकडे जातात: सरपंच वहिनी, शाळेचे मुख्याध्यापक आणि गोधड्यांवाल्या त्या काकू. दोघांनी होकार दिला की खूण दिसायला लागते. हे तंत्रज्ञानाचं काम नसलं तरी याच्याशिवाय असला प्रकल्प आठवडाभरात भांडणाचा आखाडा होतो, असं माझं स्पष्ट मत आहे. बारवांचे अभ्यासक एका मुखाच्या, म्हणजे उतरायला एकच वाट असलेल्या बारवेला नंदा म्हणतात, दोन मुखांची भद्रा, तीनची जया, चारची विजया. आमची नंदा. ही माहितीही एक खूण म्हणून आहे, पण ती मी टाकलेली, आणि गावातल्या खुणांच्या मानाने तिला कुणी फारसं विचारत नाही.

मार्चमध्ये पाणी बरंच उतरलं आणि दिवाळीत बुडालेल्या पायऱ्या, एक कोनाडा उघडा पडला. पुन्हा कॅमेरा भाड्याने, पुन्हा ओळंबा, तीच फरशी. हा दुसरा मूळ फोटो. पोहता येणारे दोघे आणि दोर दोन्ही वेळी हाताशी होते. हा खर्च नाही, पण ही अट समजा.

राहिला प्रश्न थेट दाखवण्याचा. बारवेतला माणूस कुठे बघतोय ते मुंबईत त्याच क्षणी दिसावं, अशी मंडळाची इच्छा होती. व्हिडिओ पाठवायचा तर मधल्या टप्प्यावर नेटवर्कची एखादीच कांडी. पण सगळ्यांकडे फोटो आधीच उतरवलेला असल्यामुळे पाठवायचे ते त्या दोन कोनांचे आकडे. तेवढे त्या एका कांडीवरही जातात. मुंबईच्या पडद्यावर एक पिवळा ठिपका फिरतो आणि बोलणं साध्या फोनवर. खबरदारी म्हणून वर काठावर एक फोन हॉटस्पॉट करून ठेवला. सगळी पानं पहिल्यांदा उघडली की फोनमध्येच साठतात, त्यामुळे खुणा बघायला बारवेत नेटवर्क लागतच नाही.

१२ एप्रिलला चैत्र पौर्णिमा, भैरवनाथाची यात्रा. क्यूआर कोडचा पत्रा ग्रामपंचायतीने आपल्या फलकाच्या खांबाला लावला होता. सकाळी ऊन वर यायच्या आत सुरुवात केली, कारण दहानंतर पडद्यावर काही दिसत नाही. एका वेळी फरशीवर एकच माणूस, बाजूला एक स्वयंसेवक. पहिल्या तासात जुळणी वरचेवर तुटत होती. यात्रेसाठी काठावर लावलेल्या पताका फोटोत नव्हत्या. त्या भागातले बिंदू भाच्याने तिथेच वगळले आणि गाडी रुळावर आली. आबांनी फोन धरला, ठिपका पूर्वेच्या काठावर नेला आणि घणसोलीच्या काकांना फोनवर सांगितलं, तात्याची मोट बघ. काकांनी तिकडून मार्चमध्ये उघड्या पडलेल्या कोनाड्याजवळ नवी खूण टाकली: पोहायला शिकलो ती जागा, पाहिलेलं. तपासणाऱ्या तिघांपैकी दोघांनी लगेच होकार दिला. मुख्याध्यापक यात्रेच्या गर्दीत होते.

खर्च सांगते. कॅमेऱ्याचं भाडं दोन्ही वेळचं मिळून २,४००. डोमेन ८५०. ठिपक्यासाठीचा लहान सर्व्हर महिन्याला ४५०, जानेवारी ते एप्रिल १,८००. पत्रा आणि क्यूआर १,४००. झेरॉक्स ३००. सातबारा १५. प्रवास सोडून पावणेसात हजारांच्या आसपास. पान ठेवायची जागा मोफत मिळाली. यात्रा झाल्यावर सर्व्हर बंद केला. लागेल तेव्हा तासापुरता सुरू करता येतो आणि खुणांना त्याची गरज नाही.

तुम्ही करणार असाल तर जून उजाडण्याआधी एक कोरडा फोटो नक्की घ्या, कारण पाणी चढलं की खालचं वर्षभर झाकलेलं राहतं. सगळ्या फाइलींच्या दोन प्रती पेन ड्राइव्हवर आहेत, एक शाळेच्या कपाटात आणि एक ग्रामपंचायतीत. खुणा तपासणाऱ्या तिघांची मुदत वर्षाची ठेवली आहे. नवी नावं १ मेच्या ग्रामसभेत ठरतील, अर्ज दिला आहे, आवक क्रमांक घेतला आहे.